आरोग्यचिंतन : दाराजवळची जागा

प्रवचनाच्या सभागृहात दाराजवळच्या जागा कोण धरतो, याकडे आपण कधी लक्ष दिले आहे का? उशिरा येणारे तेथे बसतात. कडेवर मूल घेऊन आलेल्या माताही बसतात. पण त्यांच्यात एक तिसरा वर्ग असतो. तो वेळेआधी येतो, पुढे भरपूर जागा रिकामी असूनही मागेच थांबतो आणि बसण्यापूर्वी स्वच्छतागृह कोणत्या बाजूला आहे, हे नजरेने पाहून घेतो.

माझ्या परिचयातील एक श्राविका वर्षानुवर्षे पहिल्या ओळीत बसत असत. पुढे त्या मधल्या ओळीत दिसू लागल्या, मग दाराजवळ आणि गेल्या चातुर्मासात दिसेनाशाच झाल्या. गुडघे दुखत असतील, असे सर्वांनी गृहीत धरले. त्यांनीही ते नाकारले नाही. एके दिवशी रक्तदाब तपासण्याच्या निमित्ताने त्या दवाखान्यात आल्या. मी सहज विचारले, "काकू, हल्ली प्रवचनाला दिसत नाही?" त्यांनी दाराकडे पाहिले, ते बंद असल्याची खात्री केली आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर, सामायिक पूर्ण होत नाही माझी. अठ्ठेचाळीस मिनिटे बसवत नाही. लागली की लागलीच. दारापर्यंत पोहोचेन की नाही, याचाच धाक असतो."

वय ५८. दोन वर्षे त्यांनी हे कोणालाही सांगितले नव्हते, घरच्या सुनेलाही नाही.

या संकोचाविषयी मला आधी दोन शब्द लिहावेसे वाटतात. आपल्या परंपरेत लघवीला 'लघुनीति' असा सभ्य आणि सरळ शब्द आहे. पाच समित्यांपैकी पाचवी समिती तर शरीरातील मलमूत्राचे विसर्जन कोठे व कशा काळजीने करावे, एवढ्याच विषयाला वाहिलेली आहे. साधुजीवनाच्या शिस्तीत ज्या देहधर्माला असे उघड स्थान दिले गेले, त्याचा उच्चार करताना आपण गृहस्थ मात्र लाजेने अर्धमेले होतो. या लाजेमुळे उपचाराची जी वर्षे वाया जातात, ती मला आजारापेक्षाही अधिक खटकतात.

काकूंच्या तक्रारीला वैद्यकात 'ओव्हरॅक्टिव्ह ब्लॅडर' म्हणतात. मराठीत अतिक्रियाशील मूत्राशय म्हणता येईल. अचानक, आवरता न येणारी निकड हे त्याचे मुख्य लक्षण. त्यासोबत बहुधा दिवसा वारंवार जावे लागते, रात्री उठावे लागते आणि काहींना वाटेतच थोडी गळतीही होते. जंतुसंसर्ग किंवा दुसरे उघड कारण नसताना हे घडत असेल, तरच हे नाव द्यायचे. म्हणून काकूंची लघवी व रक्तातील साखर प्रथम तपासून घेतली. दोन्ही ठीक निघाली.

मूत्राशय ही स्नायूंची एक लवचीक पिशवी आहे. मूत्रपिंडांतून थेंबथेंब उतरणारे मूत्र तिच्यात साठत जाते आणि त्या काळात भिंतीचा स्नायू सैल राहतो. साधारण १५० ते २०० मिलिलिटर साठले की पहिली सूचना मेंदूकडे जाते. मेंदू म्हणतो, 'आत्ता नाही, थांब,' आणि पिशवी पुन्हा शांत होते. निरोगी प्रौढाचे मूत्राशय ३०० ते ५०० मिलिलिटर सहज धरते. अतिक्रियाशील मूत्राशयात हा स्नायू वेळेपूर्वीच आकुंचन पावू लागतो. पिशवी अर्धीही भरलेली नसते आणि तो 'आत्ताच' म्हणून हटून बसतो.

दिवसात सात-आठ वेळा जाणे आणि रात्री एखाद्या वेळी उठणे यात काळजीचे काही नाही. काकू किती वेळा जात होत्या, हे त्यांनाही नेमके सांगता येईना. म्हणून मी त्यांना एक वही आणि मापाचा प्लास्टिकचा मग घ्यायला सांगितले. तीन दिवस काय प्यायले, केव्हा प्यायले, केव्हा गेले, किती झाली आणि निकड कितपत होती, एवढेच लिहायचे. हे काम अनेकांना किळसवाणे वाटते. काकूंनाही वाटले. तरीही ती वही कोणत्याही महागड्या तपासणीइतकी बोलकी ठरते, असा माझा अनुभव आहे.

वहीत पुढील चित्र दिसले. दिवसा १२ वेळा जाणे आणि प्रत्येक वेळी जेमतेम ६० ते ८० मिलिलिटर. रात्री दोनदा उठणे. सकाळी उठल्यावर मात्र एकदम २८० मिलिलिटर! मी त्या आकड्याभोवती लाल वर्तुळ काढले. "काकू, पिशवी लहान झाली, असे तुम्हाला वाटते. लहान झाली असती, तर सकाळी हे २८० कोठे मावले असते?" त्या बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिल्या. मूत्राशयाची जागा तेवढीच होती. त्याला लागलेली सवय बदलली होती.

ही सवय लावतो कोण? पुष्कळदा आपणच, आणि तीही अतिशय समंजसपणे. एकदा बाहेर फजिती होते. त्यानंतर घरातून निघताना 'एकदा जाऊन येते', प्रवचन सुरू होण्यापूर्वी पुन्हा एकदा, गाडीत बसण्याआधी आणखी एकदा असा क्रम सुरू होतो. निकड नसताना केवळ खबरदारी म्हणून जाण्याच्या या रीतीमुळे मूत्राशयाला पुरते भरण्याचा सराव राहत नाही, आणि थोडक्यावरच हाक मारणे त्याच्या अंगवळणी पडते. घराच्या दारात किल्ली फिरवताच किंवा नळाचा आवाज ऐकताच अनावर होते, असे सांगणाऱ्या कित्येक भगिनी मला भेटल्या आहेत. हाही त्या शिकवणीचाच भाग आहे.

दुसरा समंजस वाटणारा उपाय म्हणजे पाणी तोडणे. काकू सकाळपासून दुपारपर्यंत जेमतेम दोन पेले पाणी पीत; मात्र चहा चार वेळा, कारण चहा म्हणजे पाणी नव्हे, अशी त्यांची समजूत! पाणी कमी पडले की लघवी गडद व तीव्र होते आणि आधीच हळव्या असलेल्या मूत्राशयाला ती अधिक चिडवते. शौचास घट्ट होते. भरलेले आतडे मूत्राशयावर दाब देते आणि निकड वाढते. चहा-कॉफीतील कॅफिन मूत्र वाढवते आणि मूत्राशयालाही उत्तेजित करते. थंड काळ्या पेयांचेही तेच. म्हणजे उपाय म्हणून जे केले, त्यानेच आजाराला खतपाणी घातले.

येथे आपल्या दिनचर्येतील एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. चौविहार करणाऱ्यांना या बाबतीत खरे तर एक लाभ सहजच मिळतो. झोपण्यापूर्वी दोन-तीन तास काही पिऊ नये, असे रात्री उठावे लागणाऱ्या प्रत्येक रुग्णाला सांगितले जाते. सूर्यास्तानंतर पाणी वर्ज्य असलेल्याला ते वेगळे सांगावे लागत नाही. पण काकूंच्या वहीत सायंकाळच्या रकान्यात ओळीने तीन पेले नोंदलेले होते. दिवसभर तहान मारायची आणि पच्चक्खाण घेण्यापूर्वी उभ्याउभ्या तीन पेले रिचवायचे! हे दृश्य आपल्या बहुतेक घरांत रोज दिसते. एकाच वेळी आलेला हा लोंढा मूत्राशयाला पुढचे तीन-चार तास स्वस्थ बसू देत नाही. एकासणा-बियासणाच्या दिवशीही बैठकीवरून उठण्यापूर्वी असेच घडते.

त्यावर मार्ग साधा आहे. बहुतेक निरोगी प्रौढांना दिवसाकाठी दीड ते दोन लिटर द्रव पुरते. उन्हाळ्यात व श्रमाच्या दिवशी अधिक लागते. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांनी ठरवलेलेच प्रमाण पाळावे. हे पाणी नवकारसी झाल्यापासून थोडेथोडे करून पसरून प्यावे आणि त्याचा मोठा वाटा दुपारी चारपर्यंत पोटात गेलेला असावा. सूर्यास्तापूर्वी अर्धा पेला पुरे. लघवीचा रंग फिकट पिवळा राहिला, तर पाणी योग्य आहे असे समजावे. काकूंनी चहा चारांवरून दोनांवर आणला. तोही एकदम नाही, कारण कॅफिन अचानक सोडले की डोके धरते. दर चार-पाच दिवसांनी एक कप कमी केला.

बद्धकोष्ठाविषयीही सांगितले पाहिजे. पर्वतिथीला हिरवी भाजी वर्ज्य, कंदमुळे बाराही महिने नाहीत, त्यात पाणी कमी. मग पोट साफ होणार कसे? सालीसकट मूग, मटकी, हरभरा, ज्वारी-बाजरीची भाकरी, न चाळलेल्या कणकेची पोळी या गोष्टींनी ती उणीव बरीच भरून निघते. गरज वाटल्यास इसबगोल घ्यावे, पण पुरेशा पाण्याबरोबर आणि दिवसाउजेडी.

आता मुख्य उपचाराकडे येऊ. मूत्राशयाला पुन्हा शाळेत घालायचे. वहीतून समजले की काकू साधारण दर तासाला जात. म्हणून पहिल्या आठवड्यात नियम ठरला: जागेपणी घड्याळाप्रमाणे बरोबर एका तासाने जायचे, निकड असो वा नसो, आणि मधल्या वेळेत जायचे नाही. त्यात यश आले की पुढच्या आठवड्यात सव्वा तास, मग दीड. दर आठवड्याला पंधरा मिनिटांची भर. ज्याला तासभरही निघत नाही, त्याने अर्ध्या तासापासून आरंभ करावा. त्यात कमीपणा नाही. अडीच ते तीन तासांचे अंतर हे ध्येय. रात्री मात्र हा नियम लावू नये. रात्री लागली तर उठावे.

निकड मधेच आली तर? खरी परीक्षा येथेच असते आणि येथेच बहुतेक जण पळतात. पळू नये. निकड ही लाटेसारखी असते: चढते, शिखराला पोहोचते आणि ओसरते. आपण नेमके शिखरावर असताना धावत सुटतो, आणि धावताना गळती होण्याची शक्यता सर्वांत अधिक. त्याऐवजी जेथे असाल तेथे थांबावे, शक्य असल्यास बसावे. लघवीची धार मधेच रोखताना जे स्नायू आवळले जातात, ते पाच-सहा वेळा झटकन आवळून सोडावेत. हे स्नायू आकुंचन पावले की मूत्राशयाला सैल होण्याचा संदेश मिळतो. शरीराचीच ही अंगभूत योजना आहे. श्वास सावकाश ठेवावा आणि मनाला दुसऱ्या कामाला जुंपावे. शंभरापासून सात-सात वजा करत मागे यावे, असे पाश्चात्त्य पुस्तके सुचवतात. मी काकूंना तेच सांगत होतो, तर त्या म्हणाल्या, "त्यापेक्षा अनानुपूर्वी म्हणू का?" मला ही सूचना फार आवडली. एक ते पाच अंक उलटसुलट क्रमाने येतात आणि त्या त्या क्रमाचे नवकारातील पद आठवून म्हणावे लागते. तेथे मनाला भरकटायला वाव नाही. लाट ओसरली की मग शांतपणे चालत जावे, आणि जमल्यास आणखी पाच मिनिटे थांबून.

त्या स्नायूंचा व्यायामही रोज करायला हवा. हे ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे पसरलेले स्नायू आहेत. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये त्यांच्या व्यायामावर लिहिले, म्हणून त्याला केगेलचा व्यायाम म्हणतात. योगाभ्यास करणाऱ्यांना त्याचे मूलबंधाशी असलेले नाते लगेच ध्यानात येईल. स्नायू आवळून वर ओढावेत, पाच अंक मोजेपर्यंत धरावेत, तेवढाच वेळ सैल सोडावेत. असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखू नये. पोट, मांड्या, नितंब घट्ट करू नयेत. प्रत्यक्ष लघवी करताना धार तोडून हा सराव करण्याची खोड मात्र लावून घेऊ नये. स्नायू ओळखण्यापुरते एकदा केले की पुरे. फरक दिसायला सहा ते बारा आठवडे जातात. दोन आठवड्यांत काहीच झाले नाही म्हणून सोडून देणारे फार भेटतात.

एवढ्याने खरेच होते का, ही शंका रास्त आहे. १९९८ मध्ये अमेरिकेत ५५ ते ९२ वर्षे वयाच्या १९७ स्त्रियांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला स्नायूंचे व निकड आवरण्याचे शिक्षण, दुसऱ्याला औषध आणि तिसऱ्याला औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी दिली गेली. गळतीचे प्रसंग शिक्षणाने सुमारे ८१ टक्के, औषधाने ६९ टक्के आणि निष्क्रिय गोळीने ३९ टक्के घटले. २००९ च्या आणखी एका अभ्यासात स्थूल स्त्रियांनी सुमारे आठ टक्के वजन उतरवल्यावर गळतीचे प्रसंग जवळजवळ निम्म्यावर आले. औषधे आहेत, उपयोगीही आहेत आणि सवयींनी भागले नाही तर ती घेण्यात काही गैर नाही. पण जुन्या प्रकारच्या गोळ्यांनी तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते आणि वृद्धांच्या स्मरणावरही परिणाम होऊ शकतो. चौविहार करणाऱ्याला रात्रभर कोरडे तोंड किती छळेल, याचा विचार डॉक्टरांशी बोलूनच करावा.

रात्री उठण्याचे कारण दर वेळी मूत्राशय असतेच असे नाही. दिवसभर पाय लोंबते राहून सुजत असतील, तर आडवे झाल्यावर तेच पाणी रक्तात परतते आणि मध्यरात्री लघवी होते. अशांनी दुपारनंतर तासभर पाय उशीवर उंच ठेवून पडावे. रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी सायंकाळी घेत असाल, तर तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. जोराचे घोरणे हेही एक कारण असू शकते. आणि वाटेत मंद दिवा अवश्य ठेवावा; रात्रीच्या घाईत पडून खुब्याचे हाड मोडलेली मंडळी मी पाहिली आहेत.

लघवीत रक्त, जळजळ, ताप, ओटीपोटात दुखणे, लघवी तुंबणे यांपैकी काहीही असेल, तर वही-घड्याळाच्या नादी न लागता आधी तपासणी करून घ्यावी. पाठदुखीबरोबर पाय लुळे पडणे किंवा बसण्याच्या जागेची संवेदना जाणे, असे झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पुरुषांची धार बारीक झाली असेल किंवा सुरू व्हायला वेळ लागत असेल, तर प्रोस्टेट पाहिल्याशिवाय थांबण्याचा सराव करू नये. मधुमेहींनी साखर पाहावी. सार्वजनिक ठिकाणी भांड्यावर न टेकता अर्धवट वाकून लघवी करण्याची अनेक स्त्रियांची रीत आहे. तिने मूत्राशय पुरते रिकामे होत नाही. कागद पसरावा, पण टेकून बसावे.

घरच्यांना व यात्रासंघांच्या कार्यकर्त्यांनाही एक विनंती. 'आत्ताच तर जाऊन आलीस' हे वाक्य घरातून हद्दपार करावे. ते ऐकणारी व्यक्ती पुढच्या वेळी सांगत नाही, फक्त पाणी पिणे सोडते. यात्रेची बस दर दोन-अडीच तासांनी थांबेल, हे निघतानाच जाहीर करावे. कोठे थांबायचे हे ठाऊक असले की निम्मी निकड बसतच नाही, हे मी प्रवासात स्वतः पाहिले आहे.

तीन महिन्यांनी काकू नवी वही घेऊन आल्या. दिवसा सात-आठ वेळा, रात्री एकदा. सर्दीत शिंकताना अजून थोडी गळती होते, तेव्हा त्या पातळ पॅड वापरतात आणि त्याविषयी आता मोकळेपणाने बोलतात. मधे एक आठवडा लग्नघरात गेला, सगळी घडी विस्कटली आणि पुन्हा दीड तासावरून सुरुवात करावी लागली. सामायिक पूर्ण होते. प्रवचनाला त्या मधल्या ओळीत बसतात, कडेची जागा मात्र सोडलेली नाही.

उठता उठता त्यांनी विचारले, "कार्तिकी पौर्णिमेनंतर पालिताण्याला संघ निघतो आहे. जाऊ का?" साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या आहेत. मी म्हटले, "जा. चढताना घामानेही पाणी जाते, तेव्हा भीतीपोटी पाणी तोडू नका. आणि गुडघ्यांसाठी वाटल्यास डोली करा."

"गुडघ्यांना काय झालंय?" त्या म्हणाल्या. "गुडघे तर माझे कधी दुखतच नव्हते."